चष्मेवाल्यांचं वळण

चष्मेवाल्यांचं दुकान बाजाररस्त्यावर होतं आणि त्यांची बायको नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. गाव तिला पोहायच्या बाई म्हणे. दोघांचं इतकी वर्षं झकास चाललं होतं, कारण एकमेकांच्या कामात नाक खुपसायची सोयच नव्हती. ती सोय नगरपालिकेनं करून दिली.

झालं असं, की रस्ता सुरक्षेसाठी वरून निधी आला. निधी वेळेत खर्च झाला नाही तर परत जातो, आणि परत गेलेला निधी पुन्हा तोंड दाखवत नाही. नगर अभियंत्यांनी घाईघाईनं ठरवून टाकलं, की बाजाररस्त्याच्या एका कडेला हिरवा रंग मारायचा, तिथून फक्त सायकली जातील, आणि त्या कडेला गाडी लावायला बंदी.

पोहायच्या बाई सायकलनं कामावर जायच्या. उभ्या गाडीचं दार अचानक उघडून त्यांचं कोपर नुकतंच फुटलं होतं. त्यांनी सायकलवाल्यांची समिती काढली आणि कुणी निवडून देण्याआधीच त्या तिच्या पुढारी झाल्या. इकडे चष्मेवाल्यांची गाडी नेमकी त्याच कडेला, दुकानासमोर उभी असायची. "बंदी आली तर गिऱ्हाइकानं गाडी काय डोक्यावर ठेवायची?" असं ते तावातावानं विचारत. त्या जागेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचीच गाडी असते, त्यामुळे गिऱ्हाइकाला ती कधी मिळालेलीच नाही, हे काही त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. शेजारचे चपलावाले व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी चष्मेवाल्यांना जाहीर पाठिंबा दिला. त्यांचीही गाडी तिथेच असे.

घरात अबोला सुरू झाला. तो इतका कडक होता, की नगरपालिकेच्या सभागृहात बैठक भरली तेव्हा नवराबायको अभियंत्यांमार्फत बोलू लागले.

"साहेब, समोरच्या बाईंना विचारा," चष्मेवाले उठून म्हणाले, "घरात तांदळाचं पोतं आणायचं झालं तर ते सायकलवर कोण आणणार?"

"साहेब, समोरच्या गृहस्थांना सांगा, मीच आणते. त्यांना वाटतं पोतं चालत येतं."

सभागृह हसलं. चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. "बरं, मग घराची किल्ली कुठंय तेही विचारा!"

"मी विचारणार नाही," अभियंते म्हणाले, आणि मग राहवलं नाही म्हणून त्यांनी विचारलं. "बाई, किल्ली कुठंय?"

"त्यांच्याकडे."

"माझ्याकडे? मी तर हिच्या... म्हणजे, समोरच्या बाईंच्या भरवशावर दार ओढून आलो!"

बैठक तिथेच आटोपली. अभियंत्यांनी स्टूल धरलं आणि चष्मेवाले स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरात शिरले. "अहो, डोकं सांभाळा!" बाई ओरडल्या, आणि लगेच म्हणाल्या, "हे बोलणं धरायचं नाही."

शेवटी सायकलींचा हिरवा पट्टा मंजूर झाला. मग चपलावाल्यांनी शक्कल काढली. रंगवणारे येतील त्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या गाडीत बसून राहायचं. माणूस आत असताना गाडी कोण उचलणार?

ठरल्या दिवशी सगळे बसले. चष्मेवाल्यांनी घरून उशी आणली, गाडीतला पंखा लावला, रेडिओ लावला. ऊन चढलं तसा एकेकाचा निर्धार पातळ व्हायला लागला. एकाला बँकेचं काम आठवलं, एकाला दाढ. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत खुद्द चपलावाले गेले ते गाडी घेऊनच. चष्मेवाले मात्र हटून बसले. मुकादमाची माणसं रंग मारत मारत जवळ येत होती.

तेवढ्यात पोहायच्या बाई सायकलवरून आल्या आणि त्यांनी खिडकीतून डबा आत दिला. "जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "साहेबांमार्फतच सांगणार होते, पण ते स्वतःच जेवायला गेलेत." आणि निघून गेल्या. चष्मेवाल्यांना त्यांच्या कोपरावरची पट्टी दिसली. त्यांनी डबा बाजूला ठेवला. पट्टी बांधून ही बाई आपल्यासाठी डबा घेऊन येते आणि आपण उशीवर बसून रेडिओ ऐकतोय! खड्ड्यात गेलं आंदोलन, असं म्हणून त्यांनी गाडीची किल्ली फिरवली.

गाडी नुसती खोकली. पंखा आणि रेडिओनं बॅटरी पार चाटून पुसून टाकली होती.

"अहो मुकादम, मला गाडी काढायचीय, पण सुरू होत नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात," मुकादम म्हणाला.

तोवर चपलावाले आणि मंडळी परत आली. एकटे टिकलेले चष्मेवाले पाहून त्यांना भरून आलं. "वाघ आहे वाघ!"

"अहो, बॅटरी गेलीय!"

"बॅटरी कसली, छाती लागते छाती!" आणि त्यांनी चष्मेवाल्यांना खांद्यावर घेतलं.

मुकादमानं अभियंत्यांना फोन लावला. रंग कालवून झालाय, वाळायला लागलाय, काय करू? "निधीची मुदत आज संपतेय," पलीकडून हताश आवाज आला. "वळवा तिथून." सरळ येणारा हिरवा पट्टा चष्मेवाल्यांच्या गाडीला वळसा घालून रस्त्यात फुगला आणि पुन्हा कडेला गेला.

घरी चष्मेवाल्यांनी सगळं खरं सांगितलं. बाई हसून हसून जमिनीवर बसल्या.

"म्हणजे तुम्ही खरंच हलणार होतात? माझ्यासाठी?"

"आता बॅटरीसाठी थोडाच हलणार होतो?"

अबोला संपला. वळण मात्र राहिलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गाडी नीट करायला आला, तेवढ्यात निधीचं काय केलंत हे बघायला वरिष्ठ साहेब येऊन थडकले. नेहमी सुसाट जाणारे ट्रक त्या फुगवट्यापाशी बिचकत होते, गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या.

"ही वळणाची कल्पना कोणाची?" वरिष्ठांनी विचारलं.

अभियंत्यांच्या ओठांवर माफी तयार होती. ती गिळून ते म्हणाले, "खूप विचार करून काढली, साहेब."

"आणि ही गाडी?"

"ती... रचनेचा भाग आहे."

वरिष्ठ खूश झाले. पुढचा निधी तिथल्या तिथे कबूल केला. दुपारपर्यंत गाडीभोवती चमकणारे खांब उभे राहिले आणि पाटी लागली : 'रस्ता सुरक्षा साधन. हलवू नये.'

"अहो, माझी गाडी आहे ती!" चष्मेवाले कळवळले.

"होती," अभियंते खाली मान घालून म्हणाले. "बदली साधन मिळेपर्यंत थोडं सांभाळून घ्या. फाइल वर पाठवलीय."

आता पोहायच्या बाई नगरपालिकेत जाऊन नवऱ्याच्या गाडीसाठी भांडू लागल्या आणि चपलावाले गाडी हलू नये म्हणून अर्ज देऊ लागले. रहदारी हळू झाल्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यांच्या काचेतल्या चपला दिसायला लागल्या होत्या.

फाइल काही खाली येईना. चष्मेवाले काही दिवस बायकोच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून दुकानात गेले. मग तिच्या पायांची दया येऊन ते एकदा म्हणाले, "मलाच शिकव ना सायकल."

तलाव सफाईसाठी रिकामा केला होता. बाईंनी त्यांना सायकलसकट आत उतरवलं. गाड्या नाहीत, ट्रक नाहीत, धडकलंच तर गुळगुळीत भिंत. खोल बाजूच्या काठावर त्यांच्याकडे पोहायला शिकणाऱ्या बायका ओळीनं पाय सोडून बसल्या. उथळ भागात चष्मेवाले छान दोन चकरा मारून आले, त्यांनी ऐटीत काठाकडे हात हलवला, आणि सायकल उतारावरून खोल बाजूला निघाली.

"अगं, ब्रेक कुठला धरू?"

"दोन्ही! अहो, दोन्ही!"

काठावरच्या बायकांनी पाय वर घेतले.