रडका मुखवटा आणि आईचा वरवंटा

अमेरिकेत मॉरिसव्हिलला अतुलकाकांच्या गराजमध्ये जुलैच्या उकाड्यात घाम पुसत गर्दी उभी होती आणि पाटावर एक दगडी मुखवटा रडत होता. खरोखर रडत होता! हनुवटीवरून थेंब ठिबकत होते, खाली चांदीची वाटी भरत होती.

"कंबोडियातलं जंगल!" गुहानंद महाराज डोळे मिटून सांगत होते. "पडकं ख्मेर मंदिर, भिंतीत घुसलेल्या मुळ्या. मी रांगत गाभाऱ्यात गेलो, तर हा म्हणाला, मला घेऊन चल. आता मायभूमीसाठी रडतो बिचारा. ए.सी. मात्र सोसत नाही हं त्याला!"

गर्दीतल्या मोनालीला शिसारी आली. तिथली असली पडकी मंदिरं तिने गेल्याच वर्षी पालथी घातली होती. वटवाघळांच्या लेंड्यांचा वास, शेवाळ, निखळलेले चिरे. दगड पावसात भिजायचा, एरवी कोरडा ठणठणीत. आणि मूर्ती उचलून आणणं ही तर सरळ चोरी. हा गृहस्थ ती मिरवत होता!

पण तिचा जीव अडकला होता आईत. कांताबाईंनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद करून त्या वाटीतलं पाणी तीर्थ म्हणून प्यायला सुरुवात केली होती. "कडूखार लागतं, म्हणजे औषधीच असणार!" सकाळी जिना चढताना त्या भिंत धरून थांबल्या होत्या.

महाराजांनी मुखवट्याला पांढरी विभूती चोळली, चिमूटभर मोनालीच्या तळहातावरही ठेवली. थोड्या वेळात तिचं चक्क पाणी झालं. राख कधीपासून विरघळायला लागली? मग तिला आठवलं, कपड्यांना ओल लागू नये म्हणून क्लोजेटमध्ये ठेवतो त्या डब्यातले पांढरे खडे! ते हवेतला ओलावा ओढतात आणि खाली पाणी साठतं. डब्यावर ठळक लिहिलेलं असतं, पोटात जाऊ देऊ नका. आणि ही सुशिक्षित मंडळी ते ओंजळीने पीत होती. शी!

आईला नुसतं सांगून ती ऐकेल तर ना! मोनाली दुसऱ्या दिवशी गराजमध्ये सगळ्यांच्या आधी पोचली. आईने नागपूरहून बॅगेतून आणलेला वरवंटा तिने खड्यांची पूड चोळून मुखवट्याशेजारी उभा केला. आरत्या आणि प्रवचन संपेपर्यंत तोही पाझरू लागला.

"अगं बाई, हा पण रडतोय!" प्रीताकाकूंनी धावत जाऊन कुंकू लावलं, वाटी खाली धरली.

"अहो, थांबा!" कांताबाई ओरडल्या. "हा माझा वरवंटा आहे, चटणीचा!"

 मोनालीने खड्यांचा डबा सगळ्यांपुढे धरला. "हेच खडे आणि हीच दमट हवा. महाराज, तुमचा मुखवटा स्वच्छ धुऊन ए.सी.त ठेवू या? बघू तरी रडतो का."

"अश्रद्धांपुढे देव प्रकटत नाही," असं पुटपुटत महाराज मुखवटा शालीत गुंडाळू लागले.

घरी येऊन कांताबाई वरवंट्याचं कुंकू घासत राहिल्या. "काय काय प्यायले गं मी!" मग हात पुसून म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना फोन लाव. आणि माझ्या गोळ्या कुठे आहेत?"

मंडळी, दगड ओला दिसला तर पाणी कुठून आलं, एवढं आधी विचारा. हात काय, नंतरही जोडता येतात.