रोजचे पन्नास शब्द

"माझ्याच घरात मी शिंकायचंसुद्धा चोरून का?" म्योंग-सिक उशीत तोंड खुपसून पुटपुटला.

"पोरगी पाठ करतेय, अहो. शिंका नोव्हेंबरनंतर," गुम-ओक म्हणाली आणि सोयाबीनच्या कालवणाचं भांडं तिनं गरजेपेक्षा जोरात ठेवलं.

कोरियातल्या देगू शहरातल्या त्या तीन खोल्यांत अडीच वर्षं सगळे पाऊल दाबून चालत होते. टीव्ही मुका, मिक्सर बंद. कॉलेजच्या नोव्हेंबरातल्या प्रवेश परीक्षेला सेरिन दोनदा बसली, दोन्हीदा इंग्रजीनं तिला बुडवलं. तिसऱ्यांदा अर्ज भरायचा उद्या शेवटचा दिवस. अर्जावरचा फोटो किमचीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात पोरगी अशी बघत होती, जणू फोटो काढणाऱ्यानंच तिला नापास केलंय.

जेवताना शब्द विचारायचे हा गुम-ओकचा नेम. शिवणाच्या दुकानातून यायचं, हात धुवायचे, पुस्तक उघडायचं. तिला इंग्रजी येत नव्हतं. शेजारी कोरियन अक्षरांत उच्चार लिहून घेतले होते, ते ती वाचायची. रोज पन्नास. शिकवणीच्या चाचणीत सेरिनला पन्नासपैकी पन्नास. सराव परीक्षेत मात्र तेच शब्द तिला ओळखही देत नसत. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

"मेटिक्युलस."

"काटेकोर. मग रिलक्टंट, नाखूश. मग व्होलाटाइल, चंचल—"

"अगं, मी विचारलं कुठे अजून?"

"विचारणारच होतीस ना! भूक लागलीय मला."

गुम-ओकच्या मस्तकात तिडीक गेली. तिचं बोट पानाच्या तळाशी घसरलं.

"फ्रूगल."

सेरिनच्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. "याच्या आधीचा सांग."

"परीक्षेत आधीचा सांगणारेत?"

"क्रमानं विचार!"

"फ्रूगल!"

"क्रमानं विचार म्हटलं ना!" काड्या ताटात आपटल्या, भात उडाला. "आजपर्यंत क्रमानंच विचारत होतीस. आजच कुठलं भूत शिरलं अंगात?"

"जाऊ दे गं," म्योंग-सिक मध्ये पडला. "वर्षभर खपलीय पोर. यंदा होईल."

"तुम्ही शिंका!" गुम-ओक ओरडली.

तिला सगळ्यांचाच राग आला. त्याच ओळीनं विचारून पन्नासपैकी पन्नास देणाऱ्या आणि फी घेणाऱ्या मास्तरांचा, "यंदा होईल" म्हणणाऱ्या या माणसाचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या बोटाचा. अडीच वर्षं ते वरून खाली, ओळीनं, सांडू नये म्हणून भरलेलं पातेलं न्यावं तसं चाललं होतं. एकदाही उडी मारली नव्हती.

सेरिन रडत नव्हती. नुसती बघत होती, आता काय म्हणतेस म्हणून.

गुम-ओकनं पुस्तक मिटलं.

"सेरिन, तुला हे येत नाही," ती म्हणाली. "मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून तर मी क्रमानं विचारत होते."