शेवटची सोळा पानं

चंद्रभागाबाईंना मरणाची भीती नव्हती. यामिनी आणि सारंगचं लग्न होतं की नाही, एवढं कळलं की त्या निघायला तयार होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी किडनीचे रिपोर्ट पाहिले आणि वीरेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या आईचा उन्हाळा निघणं कठीण आहे. म्हातारी दाराबाहेरच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. काचबिंदूने डोळे गेल्या वर्षी पुरते गेले होते, कान मात्र शाबूत होते. सिहोऱ्याला परत आल्यावर तिने मुलाला पहिलं काम सांगितलं ते तुमसरच्या दुकानातून त्यांच्या कादंबरीमालेचा शेवटचा भाग आणायचं.

ही माला चौतीस वर्षं चालली होती. पहिल्याच भागात यामिनीच्या बापाला कोणीतरी दुधातून विष दिलं आणि खुनी सापडल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, अशी तिने शपथ घेतली. असे एकूण सेहेचाळीस भाग निघाले. दर भागात लग्नाचा मुहूर्त ठरायचा आणि ऐन वेळी कोणाचा तरी मुडदा पडायचा. एवढ्या वर्षांत सारंगचा एक केस पांढरा झाला नाही की यामिनीला एक सुरकुती पडली नाही. आता प्रकाशकाने दुकान गुंडाळलं होतं. तुमसरच्या दुकानदाराने उरलेली एकुलती एक प्रत जुन्या गिऱ्हाइकाच्या नावाने बाजूला ठेवली होती.

वाचून दाखवायला सून होती. वीरेंद्रने सातबाराखेरीज आयुष्यात काही वाचलेलं नव्हतं.

रक्षा बावीस वर्षांपूर्वी लाखांदूरकडून या घरात आली, बारावी पास आणि वाचनाची भुकेली. पहिल्याच आठवड्यात तिला सासूच्या कपाटात वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली ही रांग दिसली, आणि आपण नशीब काढलं असं तिला वाटलं. आठ दिवस चोरून-मारून तिने पहिला भाग वाचत आणला. शेवटाकडे आली तर पुढे पानंच नव्हती. सोळा पानं शिवणीपासून सफाईने कापलेली होती. सासऱ्यांच्या, म्हणजे कृष्णरावांच्या दाढीच्या पात्याने सासूने प्रत्येक पुस्तकाचा शेवट असा काढून घेतला होता. सून यायच्या आधीच काढला होता, हे विशेष. बाईने तयारी चोख ठेवली होती.

"बाकीचं माह्या पेटीत हाये," चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या. "रोवणा झाल्यावर देईन."

रक्षाने कमरेत वाकून पंधरा दिवस चिखलात धानाची रोपं लावत रोवणा केला. त्या वर्षी पानं मिळाली. पेटीची किल्ली सासूच्या कंबरेच्या करगोट्याला असे. तिने ती सोडली, पाठमोरी होऊन पेटी उघडली आणि सोळा पानं सुनेच्या ओंजळीत टाकली. पुढच्या वर्षीही मिळाली. मग कारणं सुरू झाली. रोपं वाकडी लागली, मजूर बायांना चहा उशिरा पोचला, तू वर तोंड करून बोललीस. चंद्रभागाबाई गावभर सांगत, की माझी सून रोवण्याला दहा बायांना मागे टाकते. ती कशासाठी वाकते हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रक्षानेही नाही. एका गोष्टीच्या शेवटासाठी आपण राबतो हे तिने कोणत्या तोंडाने सांगायचं?

एकोणिसाव्या भागाच्या वर्षी तिला पाचवा महिना होता. शेजारची रुखमिणी म्हणाली, यंदा धानाच्या बांधीत उतरू नको. सासू कंबरेची किल्ली चाचपत राहिली. रक्षा उतरली. दहाव्या दिवशी बांधीतच कळा सुरू झाल्या. तिला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, पण तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगा होता.

चार दिवसांनी खाटेवर पडल्या पडल्या तिने ती पानं मागितली. का मागितली हे तिला आजही कळत नाही. पदरात काहीतरी पडावं, एवढंच वाटलं असेल. मागितल्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

"दोन बांध्या राहिल्या ना वो," सासू म्हणाली.

त्यानंतर रक्षाने पानं मागणं सोडलं. पुस्तकं मात्र सोडली नाहीत. पुढचे सगळे भाग तिने शेवटावाचून वाचले. माणूस इतका निर्लज्ज असू शकतो.

आणि आता पौषातल्या सकाळी अंगणात, अंघोळीचं पाणी तापायच्या चुलीपाशी, ती सासूला सेहेचाळिसावा भाग वाचून दाखवत होती. दहा दिवस वाचन चाललं होतं. म्हातारी खाटेवर उन्हात बसून चेहरा तिच्याकडे वळवून ऐके, हसे, मधेच डोळे पुसे. रक्षालाही रंग चढे. बावीस वर्षांत या दोघी एका जागी इतका वेळ बसल्या नव्हत्या. यामिनी बोहल्याशी आली, सारंगने खिशातून विषाची बाटली काढली आणि तो म्हणाला, आज मी नाव सांगणार. तिथे सोळा पानं उरली होती. रक्षाने पुस्तक मिटलं.

"किल्ली द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "माही पानं मले द्या. मंग पुढं वाचतो."

चंद्रभागाबाईंनी करगोटा चाचपला आणि किल्ली पुढे केली. रक्षा आत गेली. पेटीत दोन लुगडी होती, डांबराच्या गोळ्या होत्या, कृष्णरावांचा फोटो होता. तिने सगळं उपसून तळाचा कागदही उचलून पाहिला. मग ती बाहेर आली.

"पानं कुठं हायेत?"

"ते तं मी कवाच चुलीत घातले," म्हातारी सहज म्हणाली. "तू खाटेवर होती ना, त्याच वर्षी. पुढचेबी मंग तसेच. पाणी तापवाले कागद लागे. तुले कामाले लावाले पेटी तेवढी पुरे होती." आणि मान पुढे काढून म्हणाली, "वाच ना आता. कोण निंगाला?"

रक्षा पाटावर बसली. तिने पुस्तक उघडलं आणि मनात वाचू लागली. ओठही हलू दिले नाहीत. एक पान संपलं की ते उलटताना मुद्दाम आवाज करी. म्हातारीचे कान त्या आवाजाकडे लागले.

"मोठ्यानं वाच ना वो."

रक्षाने आणखी एक पान उलटलं. मग आणखी एक. चंद्रभागाबाई आधी रागावल्या, मग वीरेंद्रला हाका मारू लागल्या. तो केव्हाच तुमसरला गेला होता. मग त्या हात जोडून बसल्या. या घरात त्यांनी देवाखेरीज कोणाला हात जोडलेले रक्षाने पाहिले नव्हते. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

सोळा पानं तिने सावकाश वाचून संपवली. तशी साधीच होती. विष कोणी दिलं हे तिने एकोणिसाव्या भागातच ओळखलं होतं.

मग तिने ती पानं मुठीत धरून ओढली. शिवण उसवल्याचा आवाज म्हातारीने ओळखला आणि ती खाटेवरून अर्धी उठली. रक्षाने एकेक पान चुलीत सारलं. कागदाने भडका घेतला तेव्हा त्याची धग म्हातारीच्या तोंडापर्यंत गेली असावी, कारण ती मागे सरकली.

"लगन झालं का त्यायचं?" तिने विचारलं. आवाज पार बसला होता. "एवढंच सांग मले. झालं का?"

रक्षाने घंगाळात गरम पाणी काढलं, हात घालून पाहिलं आणि टॉवेल सासूच्या मांडीवर ठेवला.

"रोवणा झाल्यावर सांगीन, आत्याबाई."

चंद्रभागाबाई बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागल्या. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. वैशाखाच्या पेराशी अंगठा थांबला. रोवण्याचा आषाढ अजून दोन पेरं पुढे होता.