डब्यावरचं नाव

अपूर्वाला वार्ताहर होऊन एकोणीस दिवस झाले होते आणि एवढ्या दिवसांत तिनं सत्कार, रक्तदान शिबिरं आणि एक गुलाबांचं प्रदर्शन यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. त्यामुळे सत्त्याण्णवच्या त्या दुपारी आग्रा रोडला दहाव्या मैलावर प्रवासी जीप उलटली आणि मुख्य वार्ताहर वेणीमाधव सर ‘तू जा’ म्हणाले, तेव्हा पोरगी हरखलीच. अपघातावर हरखायचं नसतं, हे कळायला थोडं वय लागतं.

सर जिन्यापर्यंत मागं आले. “गर्दीला विचारू नकोस, गर्दी ऐकीव सांगते. गाडीत बसलेल्याला विचार. जवळचा एसटीडी बूथ आधी हेरून ठेव. आणि नाव, अपूर्वा! आकडा चुकला तर उद्या सुधारता येतो. नाव चुकलं तर भलत्याच घरात रडारड होते. ओळखणारा माणूस भेटल्याशिवाय नाव द्यायचं नाही. डाकचं पान पाचला लागतं.” डाक म्हणजे तालुक्यांना जाणारी आवृत्ती, ती कुणासाठी थांबत नाही.

देवाची कृपा, बहुतेकांना नुसतं खरचटलं होतं. एकाच्या डोक्याला मार बसला होता. त्याला बेशुद्ध अवस्थेत सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तो चांदवडला एकटाच चढला, एवढंच प्रवाशांना ठाऊक. त्याच्या पिशवीतला स्टीलचा डबा हवालदारानं वर धरला. त्यावर कोरलं होतं : गोटीराम तिडके, मखमलाबाद, १२-५-९४.

“लिही की, बघतेस काय?” यशोधन म्हणाला. तो दुसऱ्या पेपरचा, सहा वर्षं मुरलेला. “गोटीराम तिडके, प्रकृती चिंताजनक. चल, पहिला फोन माझा!”

अपूर्वानंही लिहून घेतलं. पण बूथबाहेर उभी असताना तिची नजर त्या तारखेवर अडकली. रोजच्या डब्यावर तारीख कोण घालतो? तिच्या घरी आमटीची वाटी कुणा केळकरांची होती आणि तांब्या दाणींचा. वडिलांच्या नावाचं भांडं म्हणाल तर एक नाही, ती सगळी लोकांच्या घरी. अहो, लग्नात भांडं देणारा आपलंच नाव घालून देतो! मग दवाखान्यातला तो कोण?

साडेतीन वाजले होते. शोध घ्यावा तर डाक हुकणार, आणि पहिली मोठी बातमी बिननावाची जाणार. तरी तिनं फोनवर ‘जखमीची ओळख पटलेली नाही’ एवढंच सांगितलं आणि कायनेटिक स्कूटर मखमलाबादकडे दामटली.

मळ्यात एक म्हातारा झेंडूच्या पाट्या भरत होता.

“गोटीराम तिडके कुठं राहतात?”

“म्याच की. काय काम हाय?”

अपूर्वाला इतकं बरं वाटलं, की ती खुदकन हसली. मग हसू आवरून तिनं डब्याचं सांगितलं. तारखेचा उलगडा गोटीरामांना काही होईना. पण बायका भांडी विसरतात होय? रंगूबाई घरातून ओरडल्या, “अवं, आपल्या भाग्यश्रीचं लगीन नव्हतं का! पुतणीला डबा दिला, चांगला तीन ताळांचा. चांदवडला दिलीय तिला. अगं बाई! मंग दवाखान्यात आपला जावई राज हाय की काय?”

गोटीरामांच्या हातातली पाटी गळून पडली. ते तसेच कायनेटिकवर मागं बसले.

खाटेवरचा माणूस बघताच ते म्हणाले, “आमचं जावईच ह्ये.” डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, कोणतं औषध चालतं, कोणतं नाही, हे विचारायला कुणीतरी हवंच होतं. चांदवडला शेजाऱ्यांकडे फोन गेला. मग अपूर्वानं कचेरीत फोन केला.

“डाक गेली,” सर म्हणाले. “बिननावाची गेली, पण खोटी नाही गेली. शहर आवृत्तीत नाव घेतो. तिथंच थांब.”

सात वाजता भाग्यश्री धापा टाकत आली. पायात चपला नव्हत्या आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. “अवं, म्या आले,” तिनं दारातूनच हाक मारली.

राजनं डोळे उघडले. अपूर्वा खाटेला खेटून उभीच होती. आनंदानं तिचं भान सुटलं, वही उघडून ती वाकली आणि म्हणाली, “कसं वाटतंय तुम्हाला? नेमकं काय झालं होतं?”

राजनं मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे.

“ताई,” तो म्हणाला, “जरा बाजूला सरका. बायको दिसत नाय.”