अंडी कुणाची

सासूबाईंनी अंड्यांचा ट्रे काउंटरवर ठेवला. आदळलाच म्हणायचा, पण आतलं एकही अंडं फुटलं नाही. राग कितीही आला तरी वस्तूचं नुकसान करायचं नाही, ही त्यांची रीत.

"ही परत घ्या. चांगली नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

अंडीवाल्या काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "डॉक्टरांनी? माझ्या अंड्यांबद्दल?"

"काल ही फोनवर नवऱ्याला सांगत होती, मी या कानांनी ऐकलं. डॉक्टर म्हणाल्या, अंडी चांगली नाहीत."

ही म्हणजे सून. ती भाजीची पिशवी धरून मागे उभी होती आणि तिची कानशिलं तापली होती. डॉक्टर तसं म्हणाल्या होत्या, यात खोटं काही नव्हतं. बाळासाठी दोन वर्षं वाट पाहून ती एकटीच दवाखान्यात गेली होती. रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाल्या होत्या, अंडी कमी आहेत, फार चांगलीही नसावीत. तीन महिने द्या. वेळेवर झोप, रोज चालणं, पालेभाज्या, डाळी, फळं. सिगारेट बंद, नवऱ्याचीसुद्धा. खात्री देत नाही, पण एवढं आपल्या हातात आहे.

काकांनी बल्ब लावला आणि एकेक अंडं त्याच्यासमोर धरून फिरवून पाहिलं. बाराच्या बारा. रांगेत खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका होत्या, इस्त्रीवाला होता. सगळे बघत होते.

"मला तर काही दिसत नाही, ताई."

"तुम्हाला कसं दिसेल? सांग गं तू."

सासूबाई सुनेकडे वळल्या. खरं सांगायची हीच वेळ होती. तिने मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या तसं."

सासूबाई क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग ट्रे तिथेच सोडून चालू लागल्या. भांडणात शेवटचा शब्द दुसऱ्याला द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण सुनेच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

बातमीला पाय फुटले. संध्याकाळपर्यंत ती सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचली, आणि पोचेपर्यंत तीत कुणीतरी ती अंडी खाऊन आजारीही पडलं होतं. काकांच्या दुकानात ट्रेवर ट्रे चढत गेले. बल्ब आता दिवसभर चालू असायचा. ऑफिसला जाताना सून पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागली.

सासूबाई मोठ्या रस्त्यापलीकडच्या दुकानातून अंडी आणू लागल्या. गुडघे दुखत असूनही रोज पायी, आणि रोज सुनेला बरोबर घेऊन. "एकटीला जमत नाही मला," म्हणायच्या. घरात पालेभाजी वाढली. रात्रीचे दहा वाजले की त्या दिवे घालवायच्या. सुनेला वाटायचं, म्हातारपणी माणसाला शिस्तीचं वेड लागतं. सकाळी ताटलीत दोन उकडलेली अंडी समोर यायची. ती निमूटपणे खायची आणि प्रत्येक घासाला तिला काकांचा चेहरा आठवायचा.

दहाव्या दिवशी ती ऑफिसातून परतत होती. काकांचं शटर अर्धं खाली होतं. काका बाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फडक्यात बांधलेला डबा. त्यांनी तिला हाक मारली. शिक्षिका शेजारच्या दुकानातून साबणाची वडी घेऊन तिथेच थांबल्या होत्या.

"तुमच्या डॉक्टरांचा पत्ता द्या, ताई. सहा अंडी बरोबर घेतलीत, त्यांनाच दाखवून येतो. तीस वर्षांत कुणी माझं अंडं परत आणलं नव्हतं. दोष कळला तर पोल्ट्रीवाल्याला सांगेन, कोंबड्यांचं खाणं बदल म्हणून. खाणं सुधारलं की अंडी सुधारतात, एवढं मलाही कळतं."

तिला हसू आलं असतं, रडू नसतं येत तर.

"काका, डॉक्टर तुमच्या अंड्यांबद्दल बोलत नव्हत्या."

"मग कुणाच्या?"

दुसऱ्या एखाद्या दुकानाचं नाव अगदी जिभेवर आलं होतं.

"माझ्या," ती म्हणाली.

शिक्षिका साबणाच्या वडीवरची अक्षरं वाचू लागल्या. काकांना उमजायला थोडा वेळ लागला. उमजलं तेव्हा त्यांनी डबा खाली ठेवला आणि उगाचच फडक्याची गाठ सोडू लागले.

"मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं. मला लाज वाटली," ती म्हणाली. "आता जास्त वाटतेय."

"असू दे, ताई," काका गाठीकडे बघत म्हणाले. त्यांनी आत जाऊन बल्ब बंद केला.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, मी काकांना सांगून आले. अंडी कुणाची ते."

सासूबाईंचे हात थांबले. पण कुणाची, असं त्यांनी विचारलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुकानातच कळलं. तुझं तोंड पाहिलं आणि कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होते चार माणसांत? म्हटलं, त्यांचं नाव गेलं तर जाऊ दे, सुनेचं झाकलेलं राहू दे." त्यांनी एक देठ मोडला, तो कुठे टाकायचा ते न सुचून हातातच धरला. "त्या माणसाने बाराच्या बारा अंडी माझ्यासमोर बल्बला लावली गं. आणि मी कळूनसुद्धा तशीच निघून आले."

सून शेजारी बसली. अर्धी जुडी तिने आपल्यापुढे ओढली. दोघींनी मिळून भाजी निवडून संपवली.

मग सासूबाईंनी चपला घातल्या.

"चालायला जायचं ना?" सुनेने विचारलं.

"जायचं. आज जवळच्याच दुकानात."

दुकान जिना उतरलं की विसेक पावलांवर होतं. सासूबाईंनी सुनेचा दंड धरला, आणि एवढ्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळ त्यांना तिथे पोचायला लागला.