चेटचा डावा डोळा

एमिल हुडाक आपल्या टीमबद्दल जन्मात कधी चांगलं बोलला नव्हता. एप्रिलमध्ये हंगाम सुरू होतानाच म्हणायचा, "सप्टेंबरात माती खाणार मेले," आणि क्लीव्हलँडची बेसबॉल टीम इमानानं माती खायची. यंदा मात्र सप्टेंबर सरत आला तरी ती लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या झेंड्याच्या शर्यतीत होती, आणि एमिलला घास गिळवत नव्हता. आशेसारखा वाईट रोग नाही. जडला की माणूस कामातून गेला.

त्या शुक्रवारी बर्निसच्या बारमध्ये सगळे टीव्हीखाली दाटीनं उभे होते. शेवटची इनिंग, जिंकायला एकच आऊट हवा होता. तेवढ्यात चेटनं ग्लास उंचावला. हा चेट म्हणजे पोलादाच्या भट्टीवर एमिलच्या शेजारी घाम गाळणारा त्याचा जिवलग. ओरडला, "झेंडा आपलाच रे!"

मॅच संपायच्या आत असं बोलून दृष्ट लावायची! एमिलचं टाळकंच सटकलं. त्यानं चेटच्या डाव्या डोळ्यावर असा ठोसा हाणला की गडी स्टुलासकट आडवा झाला. त्याच क्षणी पडद्यावर समोरचा बॅटर आऊट झाला.

बारमधल्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग आडव्या चेटकडे. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या इनिंगला चेट आपणहून एमिलपुढे येऊन उभा राहिला.

"घाल."

"डोकं फिरलं का तुझं?"

"काल घातलीस तेव्हा जिंकलो ना? मग नसता शहाणपणा नको. त्याच डोळ्यावर घाल."

घातली. जिंकले. मग तो नेमच झाला. बर्निस आधीच बर्फ आणि टॉवेल काढून ठेवू लागली. मंगळवारी चेटची भुवई फाटली. बुधवारी त्याच्या बायकोनं एमिलच्या हातावर उकळती कॉफी ओतली. त्या भाजल्या हातानं त्यानं संध्याकाळी ठोसा मारला आणि दोघंही कळवळले. शनिवारी मॅचनंतर डॉक्टरनं सांगून टाकलं, आणखी एक फटका बसला तर डोळा गेला.

रविवारी शेवटची मॅच. जिंकली तर झेंडा. पुन्हा एकच आऊट हवा होता, आणि तिन्ही बेसवर समोरच्या टीमचे गडी धावायला टपलेले.

"घाल, एमिल."

"नाही घालत जा! तसंही हरणारच आहोत आपण."

"खरंच वाटतं तुला? माझ्याकडे बघून सांग."

एमिलला सांगता येईना. जिंकू असं त्याला आतून वाटत होतं आणि त्याची भयंकर लाज वाटत होती. पडद्यावर पिचरनं चेंडू टाकायला हात मागे घेतला. एमिलनंही घेतला.

हाड मोडल्याचा आवाज झाला. चेटचं डोकं काउंटरच्या पितळी दांडीवर आपटलं आणि रक्त थेट बर्निसच्या ॲप्रनवर उडालं. बॅटरचा फटका हुकला, आऊट! बारमध्ये एकच जल्लोष उसळला, ग्लास फुटले, एमिल स्टुलावर चढून घसा फाटेस्तोवर ओरडला. खाली बघायचं त्याला बऱ्याच वेळानं सुचलं.

"जिंकलो का रे?" चेट जमिनीवरून विचारत होता. तोंडभर रक्त होतं.

"जिंकलो रे राजा, जिंकलो." एमिलनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तो ढसाढसा रडू लागला. आपण काय करून बसलो ते त्याला पुरतं कळलं होतं.

बर्निसनं टॉवेल आणून दिला. "आता वर्ल्ड सिरीजची फायनल," ती हळूच म्हणाली. "अजून चार मॅच जिंकायला लागतील."

एमिलनं रडत रडत चेटचा चेहरा पुसला, आणि त्याचा उजवा डोळा धड आहे ना, ते नीट पाहून घेतलं.