बया शांत झाली

काचवाल्याने डाव्या हाताची बाही पार अंगठ्यापर्यंत ओढून घेतली आणि मगच बायकोच्या हातून चहाचा कप घेतला.

"एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या?" तिने विचारलं.

"दुकानात काचेचा चुरा उडतो."

चुरा काय, वर्षानुवर्षं उडत होता. पण ती ओट्याकडे वळली. त्याने सुटकेचा घोट घेतला. खिडक्यांच्या काचा कापण्यात उभा जन्म गेलेला. दोन्ही हातांवर जुन्या-नव्या चिरांची जाळी होती आणि तिच्याकडे बायकोने बघणं कधीच सोडून दिलं होतं. पण या खुणा बारीक, गोल आणि खोल होत्या. काच अशी लागत नाही हे तिलाही कळलं असतं.

मांजराचं पिल्लू त्याला दुकानामागे सापडलं होतं, काचा भरून आलेल्या लाकडी पेटीतल्या भुशात. मूठभर जीव, पण आव असा की जणू पेटी त्याच्या वाडवडिलांची. मागच्या पायावर कशाने तरी चावल्याची जखम होती, सुकत आलेली. त्याने चामड्याचे हातमोजे चढवले आणि हात घातला, तर ते हातमोज्यालाच दातांनी लटकलं. तसंच लटकवून त्याने घरी आणलं.

"ही कसली बया उचलून आणलीत?" बायको म्हणाली होती. तिथेच नाव पडलं. "आणि आधीच सांगते. कुणाला चावली, तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर. मग गयावया चालणार नाही."

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, पण बोलणं मोजकं. "हात म्हणजे खेळणं नव्हे, हे तिला कळू दे. खेळवायचं ते दोरीने. डोळ्यांत रोखून बघायचं नाही, घाई करायची नाही, माणसं गोळा करायची नाहीत." मग ती जखम पुन्हा एकदा बघून म्हणाली, "हिला कोण चावलंय ते आपल्याला माहीत नाही. ही चावली, ओरखडली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आज-उद्या करू नका."

त्याने मान हलवली होती.

बयेला आतली खोली दिली. संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो कपाटाकडे पाठ करून फरशीवर बसे आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचे, आवाजाची सवय व्हावी म्हणून. सुरुवातीला पान उलटलं तरी कपाटाखालून फिस्कारण्याचा आवाज येई. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे तो लांब दांड्याच्या चमच्यावर ठेवून मागे सरकवायचा. मग चमचा आखूड झाला. एके दिवशी कपाटाखालून आधी मिशा आल्या, मग नाक, आणि बया त्याच्या चपलेवर डोकं टेकवून जेवली.

बायको दारात उभी राहून बघायची.

"माझ्याशी कधी बोललात इतक्या हळू आवाजात?"

"तू कुठे कपाटाखाली बसलीस कधी?"

ती खळखळून हसली होती. मुलगी लग्न करून परदेशी गेल्यापासून घरात असं हसणं झालं नव्हतं. भांडण म्हणून नव्हतं, पण गॅस संपला, बिल आलं, यापलीकडे दोघांत विषय उरला नव्हता. आता ती दुपारी दुकानात फोन करू लागली. बया आज खिडकीत बसली. बयेने आज माझी लोकर पळवली.

मग गेल्या आठवड्यात काय झालं कोण जाणे. बया फिरली. कुणी जवळ गेलेलं नसताना खुर्चीच्या पायाला चावली आणि सोडेच ना. भिंतीकडे टक लावून बसायची, मधेच हवेत झडप घालायची. तो पाण्याची वाटी भरत होता, तेवढ्यात ती न फिस्कारता, न गुरगुरता थेट हातावर आली. बायकोला कळू नये म्हणून त्याने दुकानात जाऊन नळाखाली हात धरला, फडकं गुंडाळलं. साबण नव्हता. इस्पितळात जायचं तर घरी सांगावं लागलं असतं. बया गेली असती, आणि बयेबरोबर त्या संध्याकाळीही.

चहाचा कप अर्धा झाला होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोने हाक मारली. कुजबुजत, पण आनंद लपत नव्हता.

"अहो, इकडे या. पाय वाजवू नका."

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती आणि बया तिच्या मांडीवर होती. पसरून, अंग सैल सोडून.

"शांत झाली हो. आपल्या आपण आली. जरा लटपटत आली, पण आली बघा."

तो गुडघ्यावर टेकला. वर्तमानपत्र पायाखाली चुरगळलं, पण बयेचा कान हलला नाही. त्याने हात पुढे केला. पाठीवरून फिरवला. ती हाताकडे वळलीही नाही.

"म्हटलं नव्हतं मी, धीर धरला की होतं म्हणून?" बायको म्हणाली. तिने मांडीवर टाकलेल्या कपड्यावर ओला डाग पडला होता. बयेचा खालचा जबडा लोंबत होता आणि त्यातून लाळेची तार सुटली होती. बायकोने वाटी तोंडाशी धरली. बयेने नाक पाण्याला लावलं, पण जीभ हलली नाही. पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि तिने एक आवाज काढला, घोगरा, मांजराचा न वाटणारा.

"खाली ठेव तिला."

"आत्ताशी तर आलीये."

"ठेव म्हणतो ना! हात न लावता, कपड्यासकट."

फोनवर डॉक्टरिणीने सगळं ऐकून घेतलं. जबड्याबद्दल तिने दोनदा विचारलं.

"तुम्हाला चावली होती?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "हो."

"खोलीचं दार लावून घ्या. कुणी आत जायचं नाही. मी माणूस घेऊन येते, किल्ली शेजारी द्या आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता इस्पितळात निघा. आणखी कुणाला चावलीये?"

"नाही."

बायको पलंगाच्या कडेवर बसली. आदळआपट नाही, काही नाही. ती घरात मोजे घालून वावरत होती, हे त्याच्या आज लक्षात आलं. तिने डावा मोजा खाली सरकवला. घोट्याच्या वर हळद लावून पिवळ्या पडलेल्या कातडीत दोन खुणा होत्या.

"मलाही," ती म्हणाली. "तुम्ही नेऊन सोडाल तिला, असं वाटलं."

"मी? बाहेर काढायचं तर तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

दोघं रिक्षात एकमेकांना चिकटून बसले. त्याने बाही वर दुमडली होती. आता झाकायला काही उरलं नव्हतं.

इस्पितळातल्या नर्सने जखमा बराच वेळ धुतल्या. मग जखमेभोवती सुया दिल्या, दंडात दिल्या, पुढच्या तारखा सांगितल्या. तो म्हणे, आधी हिला; ती म्हणे, आधी यांना. नर्सला हसू आलं. "दोघांनाही घेणार आहे, भांडू नका. उशीर केलात, पण आलात हे बरं केलंत." दोघांनीही एकदमच श्वास सोडला.

"घरात आणखी कुणी?" हातमोजे काढता काढता नर्सने विचारलं.

"आम्ही दोघंच," तो म्हणाला.

"शेजारपाजारचं कुणी? पोरंटोरं मांजर बघायला येतातच."

"छे. कुणाला आत घेतच नव्हतो आम्ही."

बायकोने मोजा वर ओढला, पुन्हा खाली केला.

"वरच्या मजल्यावरची धाकटी यायची," ती म्हणाली. "दुपारी, तुम्ही दुकानात असताना. फार लळा लागला होता तिला."

"यायची म्हणजे?" नर्सने विचारलं.

"गेले काही दिवस आली नाही."

नर्स थांबली. एक हातमोजा तिच्या हातातच राहिला होता.

"मी तिला म्हटलं होतं," बायको नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "काका रागावतील. घरी कुणाला काही सांगू नकोस."

"काय सांगू नकोस?" नर्सने विचारलं.

बायकोने स्वतःच्या घोट्यावरच्या खुणांकडे बोट केलं. काचवाला केव्हाच उठला होता आणि उघड्या हाताने दार ढकलून जिन्याकडे धावत सुटला होता.